हात आखडता घेताना ताट कसे सांभाळावे?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच काळजीची आहेत. घरात येणारा पैसा कमी झाला आहे किंवा होता तेवढाच राहिला आहे, किराण्याचा खर्च मात्र वाढतो आहे, आणि तरीही घरातल्या माणसांच्या खाण्यात उणे पडू नये अशी सर्वांची धडपड आहे. त्यांतील सात पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून आणि पत्रलेखकांची नावे वगळून येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या दोन पत्रांना अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या पुष्कळ प्रश्नांची मुळे त्यांतच आहेत.

प्रश्न : आम्ही घरात पाच जण आहोत : आम्ही दोघे, दोन शाळकरी मुले आणि सासूबाई. यजमानांचे काम कमी झाल्यामुळे किराण्याच्या खर्चातून सुमारे पाचवा हिस्सा कमी करावा लागणार आहे. पहिल्याच महिन्यात मी डाळी, दूध आणि अंडी निम्म्यावर आणली, कारण बिलात त्यांच्याच रकमा मोठ्या दिसत होत्या. हे योग्य केले का? कात्री नेमकी कुठे लावावी?

उत्तर : आपण कात्री जिथे लावली ती जागा सर्वांत शेवटची असायला हवी होती, हे स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. ही चूक अगदी सहज होते, कारण बिल पाहताना डोळा मोठ्या आकड्याकडे जातो; बिस्किटे, तळलेल्या पदार्थांची पाकिटे, गोड पेये, तयार मसाले यांच्या रकमा लहान आणि महिनाभर विखुरलेल्या असतात, त्यामुळे त्या नजरेतून निसटतात. शिवाय त्यांतील बऱ्याच रकमा महिन्याच्या मोठ्या बिलात येतच नाहीत, त्या जाता-येता सुट्या पैशांतून जातात. म्हणून काहीही कमी करण्यापूर्वी पूर्ण एक महिना खाण्यावर गेलेला प्रत्येक पैसा एका वहीत लिहून काढावा, आणि घरातील प्रत्येकाने बाहेर खाल्लेले, प्यालेले त्यात प्रामाणिकपणे नोंदवावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास करून असे मांडले की उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर जाणारा वाटा मोठा असतो. ओढाताणीच्या दिवसांत सगळ्यांची नजर आधी किराण्यावर का जाते, ते यावरून समजते. पुढे १८९४ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एका पुस्तिकेत ठरावीक रकमेत कोणत्या पदार्थातून किती प्रथिने आणि किती ऊर्जा मिळते याची तुलना केली, आणि महाग अन्न म्हणजे अधिक पौष्टिक अन्न ही समजूत खोडून काढली. त्यांच्या हिशेबात एक उणीव होती, तिच्याकडे मी चौथ्या पत्राच्या उत्तरात येईन. परंतु त्यांची रीत आजही घरच्या घरी वापरता येते.

रीत अशी आहे. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम, सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम. मध्यम आकाराच्या एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम आणि २५० मिलिलिटर दुधात साधारण ८ ग्रॅम. आता आपल्याकडील भाव घेऊन त्यांना या आकड्यांनी भागावे, म्हणजे एक ग्रॅम प्रथिनाला कुठे किती पैसे मोजावे लागतात ते उघड होते. एक किलो मसुरातील प्रथिने सुमारे ४० अंड्यांतील किंवा साडेसात लिटर दुधातील प्रथिनांएवढी भरतात. हा एक भागाकार केला की बिलातील डाळीची रक्कम मोठी वाटेनाशी होते. याच कसोटीवर बिस्किटांचा पुडा तपासावा. त्यातून मिळते ते प्रामुख्याने मैदा, साखर आणि स्निग्ध पदार्थ, आणि हे तिन्ही घरात सुटे घेतल्यास त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतात.

अर्थात दूध आणि अंडी केवळ प्रथिनांसाठी घेतली जात नाहीत. दुधातून कॅल्शियम मिळते, दोन्हींतून बी-१२ जीवनसत्त्व मिळते, म्हणून डाळ स्वस्त पडते एवढ्या कारणाने ती पूर्ण बंद करू नयेत.

माझ्या मते कपातीचा क्रम असा असावा : सर्वांत आधी गोड पेये आणि पाकिटातील खाऊ, त्यानंतर वाया जाणारे अन्न, त्यानंतर तयार मिश्रणे, म्हणजे ज्यांत आपण मुख्यतः दुसऱ्याच्या श्रमांचे आणि वेष्टनाचे पैसे देतो त्या वस्तू. घरात मांस-मासे खाल्ले जात असतील तर त्याच्या खेपा कमी करून त्या जागी कडधान्ये आणावीत. एवढे करूनही हात पोहोचत नसेल तरच दुधाला थोडा हात लावावा. डाळी आणि भाज्या यांना शेवटपर्यंत धक्का लागू देऊ नये. वाया जाणाऱ्या अन्नाबद्दल एक साधी गोष्ट करून पाहावी : कचऱ्याच्या डब्याजवळ एक कागद अडकवावा आणि दोन आठवडे त्यात टाकलेला प्रत्येक खाद्यपदार्थ तिथे लिहावा. सुकलेली कोथिंबीर, आंबलेला भात, तळाशी विसरलेली काकडी असे तेच ते पदार्थ कागदावर पुन्हा पुन्हा दिसू लागले, की पुढच्या खरेदीत काय कमी घ्यायचे ते वेगळे सांगावे लागत नाही.

प्रश्न : आमचे घर शाकाहारी आहे. स्वस्त शाकाहारी जेवणातून मिळणारी प्रथिने अपुरी, ‘दुय्यम दर्जाची’ असतात असे माझा भाऊ नेहमी सांगतो आणि मुलांसाठी महागडी प्रथिन-पावडर घ्यायला सुचवतो. ती परवडणारी नाही. मुलांचे नुकसान होते आहे का?

उत्तर : आपल्या भावाच्या बोलण्यात अर्धे तथ्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रथिने ही अमिनो आम्लांची बनलेली असतात आणि त्यांतील काही अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. गहू, तांदूळ, मका या धान्यांत लायसीन नावाचे असे अमिनो आम्ल कमी पडते, तर डाळी आणि कडधान्यांत ते भरपूर असते. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यांतून मिळते. म्हणजे एकटे धान्य किंवा एकटे कडधान्य घेतले तर उणीव राहते, दोन्ही मिळून खाल्ली तर ती एकमेकांची उणीव भरून काढतात. शेतीची सुरुवात झालेल्या बहुतेक संस्कृतींत धान्य आणि कडधान्य जोडीने पिकवली आणि जोडीने शिजवली गेली, यामागे कित्येक पिढ्यांचा अनुभव आहे असे मला वाटते. ही जोडी एकाच घासात किंवा एकाच जेवणात साधली पाहिजे असेही नाही, दिवसभराच्या खाण्यात दोन्ही आली की पुरे.

आता प्रमाण पाहू. निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी असल्याचे जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञगटाने आपल्या २००७ च्या अहवालात म्हटले आहे. त्यानुसार ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. अशा माणसाने दिवसभरात १५० ग्रॅम गव्हाचे पीठ आणि १५० ग्रॅम तांदूळ खाल्ले तर त्यांतून २७ ग्रॅमच्या आसपास, ६० ग्रॅम कोरड्या डाळीतून सुमारे १४ ग्रॅम आणि एक मोठा पेला दुधातून ८ ग्रॅम, असे ४९ ग्रॅम झाले. वनस्पतिजन्य प्रथिने पचायला किंचित कमी पडतात, म्हणून त्यावर मूठभर शेंगदाणे किंवा थोडी अधिक डाळ घ्यावी. हा हिशेब पावडरीच्या डब्याविना पुरा होतो. मुलांना वाढीमुळे वजनाच्या मानाने थोडी अधिक प्रथिने लागतात, पण त्यांचे वजनच कमी असल्याने एकूण ग्रॅम प्रौढांपेक्षा कमीच भरतात.

ज्या घरांत हा हिशेब चुकतो तिथे तो बहुधा एकाच ठिकाणी चुकतो : डाळ पातळ होत जाते. पातेल्यात पाणी वाढवले की वाट्या तेवढ्याच भरतात, पण प्रत्येक वाटीत आलेली डाळ कमी होते, आणि खाणाऱ्याला ते कळत नाही. म्हणून शिजलेल्या वाट्या मोजण्याऐवजी कोरडी डाळ मोजून घ्यावी. माणशी दिवसाला ५० ते ६० ग्रॅम हे माप ठरवून, वजनकाट्यावर एकदा तोलून, त्या मापाची एक वाटी डब्यातच ठेवून द्यावी.

भावाच्या काळजीतला एक भाग मात्र मी गंभीरपणे घेते. बी-१२ जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या केवळ प्राणिजन्य पदार्थांतच भरवशाने मिळते. शाकाहारी घरात ते दूध, दही आणि चालत असल्यास अंडी यांतूनच येते, म्हणून मुलांचे आणि घरातल्या वृद्धांचे दूध-दही टिकवावे. जे कुटुंब दूधही घेत नाही त्याने डॉक्टरांना विचारून बी-१२ ची पूरक गोळी सुरू करावी.

प्रश्न : एकदम मोठ्या प्रमाणात खरेदी केली तर स्वस्त पडते असे सगळे सांगतात. पण मोठी रक्कम एकदम बाहेर जाते आणि कधी कधी वस्तू खराबही होतात. काय करावे?

उत्तर : मोठ्या पाकिटावरची किंमत वाचण्याऐवजी ती वजनाने भागून दर किलोचा दर काढावा, मोठे पाकीट स्वस्त असतेच असे नाही, कधी लहान पाकिटाचा दर कमी निघतो. त्यानंतर वस्तू किती टिकते ते पाहावे. तांदूळ, अखंड धान्य, डाळी, साखर आणि मीठ कोरड्या, हवाबंद डब्यात दीर्घकाळ टिकतात, तिथे मोठी खरेदी शहाणपणाची. गव्हाचे सालासकट दळलेले पीठ मात्र तसे टिकत नाही, कारण दाण्यातील अंकुराचा भाग तेलकट असतो आणि दळल्यावर ते तेल हवेच्या संपर्कात येऊन खवट होऊ लागते. शेंगदाणे आणि खाद्यतेल यांचेही तेच. कडधान्ये फार दिवस उष्ण, दमट जागी राहिली तर ती किडली नाहीत तरी शिजायला कठीण होतात, आणि मग वाचवलेले पैसे इंधनात जातात. उसने पैसे घेऊन किंवा महिन्याच्या शेवटच्या आठवड्याची भाजी बंद करून साठा करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या साठ्यावर वाचलेल्या रकमेपेक्षा ताटातली तूट मोठी असते.

इंधनाचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण किराण्याच्या वहीत तो खर्च दिसत नाही. कडधान्ये आठ तास भिजवली तर शिजण्याचा वेळ बराच कमी होतो. टोमॅटो, लिंबू किंवा दुसरे कोणतेही आंबट कडधान्य मऊ झाल्यावरच घालावे, कारण आंबटपणामुळे दाणा मऊ होण्यास अडथळा येतो. पाणी एकदा उकळू लागले की ज्योत मोठी ठेवून ते अधिक गरम होत नाही, फक्त अधिक वाफ होऊन उडते. म्हणून उकळी येताच आच कमी करून झाकण ठेवावे. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाण्याचे तापमान १२० अंश सेल्सिअसच्या जवळ जाते, त्यामुळे वेळ आणि इंधन दोन्ही वाचतात. एक इशारा मात्र येथेच द्यायला हवा : राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये. त्यात उलट्या-जुलाब घडवणारे एक द्रव्य असते आणि मंद आचेवर ते नष्ट होत नाही. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात आधी खळखळून उकळावा. दहा मिनिटे ही किमान मर्यादा, अर्धा तास अधिक सुरक्षित.

प्रश्न : भाज्या आणि फळे यांनी पोट भरत नाही आणि पैसे मात्र खूप जातात. त्याऐवजी तेवढ्याच पैशांत धान्य अधिक घेतले तर काय बिघडेल?

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे, आणि एकेकाळी शास्त्रज्ञांनीही असाच विचार केला होता. वर उल्लेख केलेल्या ॲटवॉटर यांच्या हिशेबातील उणीव ती हीच. त्यांनी पैशांच्या बदल्यात मिळणारी प्रथिने आणि ऊर्जा मोजली; त्या मापाने पालेभाजी म्हणजे जवळजवळ पाणीच, त्यामुळे ती पैशांचा अपव्यय ठरली. जीवनसत्त्वांचा शोध तोपर्यंत लागलेला नव्हता. तो लागल्यानंतर, १९४५ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी तोच प्रश्न नव्याने मांडला : ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन, एका प्रौढ पुरुषाच्या सर्व गरजा सर्वांत कमी खर्चात कशा भागतील? त्यांच्या उत्तरात पाचच पदार्थ उरले : गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि पांढऱ्या घेवड्याचे वाळलेले दाणे. दोन वर्षांनी तेच गणित गणिती पद्धतीने काटेकोर सोडवायला आकडेमोड करणाऱ्यांचे सुमारे १२० मनुष्यदिवस लागले, आणि स्टिग्लर यांच्या उत्तरापेक्षा खर्च एक टक्क्याहूनही कमी फरकाने उतरला.

असा आहार कोणी रोज खावा असे खुद्द स्टिग्लर यांनीही सुचवले नव्हते, आणि मीही सुचवणार नाही. माणसाला चवीची आणि बदलाची गरज असते. परंतु खर्च अगदी तळाला नेऊनही कोबी आणि पालक त्या यादीतून बाहेर पडले नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अ आणि क ही जीवनसत्त्वे गहू-तांदळाच्या पोत्यातून मिळत नाहीत, कितीही पोती आणली तरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत, आणि त्यात बटाट्यासारखे कंद धरलेले नाहीत. ओढाताणीच्या घरात हे प्रमाण एकदम गाठणे कठीण आहे हे मी जाणते. सुरुवात कोबी, गाजर, लाल भोपळा, कांदा यांसारख्या टिकाऊ भाज्यांपासून करावी, कारण त्या वाया जात नाहीत. पालेभाजी त्या-त्या मोसमात, बाजारात ढीग लागलेला असताना घ्यावी आणि आणल्याच्या पहिल्या दोन दिवसांत संपवावी. भाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. थोड्या पाण्यात झाकून शिजवावी. गाजर, भोपळा आणि पालेभाज्या यांतील अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य शरीरात शोषले जाण्यासाठी थोडे तेल लागते, म्हणून काटकसर म्हणून या भाज्या नुसत्या उकडू नयेत. गोठवलेल्या भाज्या स्वस्त मिळत असतील तर त्या निःशंकपणे घ्याव्यात. फळांचा रस विकत घेऊ नये, त्याच पैशांत अख्खे फळ घ्यावे. फळ अगदीच परवडत नसलेल्या आठवड्यात कडधान्यांना मोड आणावेत. मोड येताना दाण्यातील क जीवनसत्त्व वाढते.

प्रश्न : उरलेले अन्न टाकायचे नाही असा आमच्या घरी दंडक आहे. आदल्या दिवशीचा भात, भाजी आम्ही खातो. यात धोका आहे का?

उत्तर : धोका शिळेपणापेक्षा अन्न किती वेळ बाहेर राहिले यात आहे. शिजवलेले अन्न साध्या तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि त्यानंतर ५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे, ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. भाताबाबत विशेष जपावे. तांदळात असणाऱ्या एका जिवाणूची बीजे शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतेच शिजवणे हा एकच मार्ग मला सुरक्षित वाटतो; आपला दंडक पातेल्यात घेताना पाळावा, उरल्यावर नव्हे. हिरवट पडलेला किंवा कडू लागणारा बटाटा मात्र काटकसरीपोटीही खाऊ नये.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी अतिशय बारीक आहे, जेवते थोडेच. दुधात घालायची ‘वाढीची’ पावडर बंद केली तर तिची वाढ खुंटेल अशी भीती वाटते.

उत्तर : डब्याच्या मागची घटकांची यादी वाचावी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर आपण बहुतांशी साखरेचे पैसे देत आहोत असे समजावे. लहान मुलाचे पोट लहान असते, एका वेळी ते थोडेच खाऊ शकते, म्हणून थोड्या अन्नात अधिक सत्त्व बसवणे आणि दिवसातून पाच वेळा खायला देणे हा खरा उपाय आहे. तिच्या घट्ट डाळभातात एक चमचा तेल घालावे; एका ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टातून ४. शेंगदाण्याचा बारीक कूट अन्नात मिसळावा, अख्खे दाणे या वयात देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. जेवणाआधी तासभर दूध, गोड पेय किंवा बिस्किट देऊ नये. आणि तिला एकदा डॉक्टरांकडे नेऊन वजन-उंचीच्या तक्त्यावर पाहून घ्यावे, कारण बारीक दिसणारी पुष्कळ मुले त्या तक्त्यात व्यवस्थित बसतात. ती बसत नसेल तर तो प्रश्न पावडरीने सुटणारा नसतो.

प्रश्न : मी घर काटकसरीने चालवते आणि सर्वांना पोटभर मिळते. मी सगळ्यांचे झाल्यावर, उरेल त्यात भागवते. अलीकडे जिना चढताना धाप लागते, डोके गरगरते. वय ३६. माझ्यासाठी एखादे स्वस्त टॉनिक सांगाल का?

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. टॉनिक मी सांगणार नाही. आपण आधी हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी, आणि ती याच आठवड्यात. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात ते १ डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय मानला जातो. जगातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के स्त्रियांना तो आहे. आपली लक्षणे त्याची असू शकतात, दुसऱ्या कशाचीही असू शकतात, आणि ते ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. लोहाच्या गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

आपण लिहिता, “सर्वांना पोटभर मिळते.” त्या ‘सर्वां’मध्ये आपण स्वतःला धरलेले नाही. आपल्या घरचा हिशेब जुळतो आहे तो आपल्या ताटातून काढून घेतल्यामुळे, आणि ही रक्कम कोणत्याही वहीत लिहिली जात नसल्यामुळे घरातील कोणालाही ती दिसत नाही. उरण्याचा क्रमही ठरलेला असतो : भात उरतो, डाळीचे पाणी उरते, घट्ट डाळ, भाजी, अंडे यांतले काही उरत नाही. मासिक पाळीमुळे आपल्या वयाच्या स्त्रीची लोहाची गरज पुरुषाच्या गरजेपेक्षा बरीच जास्त असते, आणि नेमके लोह देणारे पदार्थच शेवटी जेवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आजपासून दोन गोष्टी कराव्यात. पहिली अशी की, कोणी जेवायला बसण्याआधी सर्व ताटे एकदम वाढावीत, आपले ताटही त्यांतच वाढावे, आणि डाळ-भाजीचा वाटा माणशी मोजून घालावा. आपल्याला नंतर जेवायचे असेल तर ते वाढलेले ताट झाकून ठेवावे. दुसऱ्यांदा मागणाऱ्याला त्या ताटातून काही देऊ नये, त्याला भात किंवा धान्याचे जे असेल ते अधिक द्यावे. दुसरी गोष्ट लोहाची. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते, पण सोबत क जीवनसत्त्व असले तर ते प्रमाण वाढते, म्हणून जेवताना डाळीवर लिंबू पिळावे किंवा कच्चा कोबी, टोमॅटो घ्यावा. चहा आणि कॉफी यांमुळे ते शोषण घटते. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास ती घेऊ नयेत.

हे पत्र आपण घरातील मोठ्या माणसांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. आपण ते दाखवायला संकोचत असाल तर हा अंक जेवणाच्या जागी उघडा ठेवावा. तपासणीचा निकाल आल्यावर मला कळवावे, मी वाट पाहीन.